मिशी, कापूस आणि मोठ्या बाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारत नाही. तरी मी सांगतो. मोठ्या बाईंचे. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं आणि ते शाळेच्या प्रत्येक कागदावर सहीच्या रूपानं वळवळत असे. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शाळेत ते नाव उच्चारलेलं मी कधी ऐकलं नाही. मुलं, मास्तर, शिपाई, पालक, समोरचा चहावाला, सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागत.

त्यांनी मला नोकरी दिली आणि माझी मिशी घेतली.

मी दुधनीकडच्या एका लहान गावातला. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. शिक्षणात माझ्याआधी आमच्या घराण्याचा विक्रम चुलत्याच्या नावावर होता. तो दुसरीत असताना मास्तरांची छडी घेऊन पळून गेला तो परत शाळेत गेला नाही. अशा घरातून मी बी. ए., बी. एड. झालो. कॉलेजात मी दोन गोष्टी कमावल्या, पदवी आणि मिशी. पदवी कागदावर होती आणि ती घरात कुणाला वाचता येत नव्हती. मिशी मात्र सगळ्यांना वाचता येत होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना सांगायचे, "पोरगं लई शिकलंय. बगा की मिशी!"

ती मिशी, इस्त्रीचा टेरिलीनचा शर्ट आणि नाडी बांधलेली प्रमाणपत्रांची फाईल घेऊन मी बाईंच्या कचेरीत मुलाखतीला गेलो. कचेरी पहिल्या मजल्यावर एका अडगळीच्या खोलीत होती. बाईंनी फाईलची नाडीसुद्धा सोडली नाही. टेबलाच्या खणातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे वळले, दोन्ही कानांत घातले आणि म्हणाल्या, "हं. शिकवा."

"काय शिकवू, बाई?"

"काय म्हणालात? नुसती मिशी हलली."

मी हबकलो. बी. एड.ला कानात कापूस घातलेल्या मुख्याध्यापिकेचं प्रकरण नव्हतं. मग खडू उचलून मी तिथल्या लहान फळ्यावर समुद्र काढला, समुद्रातून वाफ काढली, वाफेचे ढग केले आणि पाऊस कसा पडतो ते शुद्ध, दाणेदार भाषेत सांगू लागलो. ढग मला छान जमत होते. एवढ्यात टेबलावर पट्टी आपटली.

"पाठ!" बाई म्हणाल्या.

त्यांना पाठाचं टाचण हवंय असं वाटून मी लगबगीनं फाईलमधून ते काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

"तो नव्हे हो. ही." असं म्हणून त्यांनी पट्टीनं माझ्या पाठीवर टकटक केलं. "मुलांना पाठ द्यायचा असतो. पाठ दाखवायची नसते."

हे वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं, की झोपेत कूस बदलतानाही मला अपराधी वाटायचं.

मग त्या माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "ही कधीपासून आहे?"

"बी. ए.च्या पहिल्या वर्षापासून," मी अभिमानानं म्हणालो.

"उद्या काढून या. नेमणूक हंगामी आहे. मिशी मात्र कायमची काढायची."

कारण विचारायचं मला सुचलं नाही. माझ्याबरोबर मुलाखतीला आलेला उमेदवार गुळगुळीत तोंडाचा होता, आणि तो खाली उभा होता, एवढंच मला दिसत होतं.

सोलापुरातल्या न्हाव्यानं माझ्या ओठावर साबण लावला आणि वस्तरा अर्ध्यावर थांबवून हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?"

"कोण?"

"वडील."

"न्हाय ओ. नोकरी लागली."

न्हाव्यानं आरशातून माझ्याकडे नीट बघितलं. "नाटक कंपनीत का?"

इथंच मला शहाणपण यायला हवं होतं. आमच्या भागात बाप गेला की मुलाची मिशी उतरते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण नोकरीच्या आनंदात शिकलेला माणूस पहिल्यांदा आपलं गाव विसरतो. शनिवारची अर्धी शाळा संपवून मी पेढे घेतले, एस. टी.त बसलो आणि उघड्या ओठानं गावात उतरलो.

फाट्यावरच माझी शेवंताकाकी भेटली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, डोक्यावरचं गवत खाली टाकलं आणि "आगं आई गं, पोराची मिशी उतरली की!" असं ओरडत गावाकडे पळत सुटली. मी मागून "काकी, काकी" करत पळालो. पळणारी काकी आणि मागून पळणारा बिनमिशीचा मी, हे बघून ज्याला जे समजायचं ते समजलं.

योग असा, की अप्पा त्या दिवशी पहाटेच दोन बोकडं घेऊन दुधनीच्या बाजाराला गेले होते. घरी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यात बसून कपाळ बडवत होती.

"सकाळी धडधाकट गेलं की रं! कुटं पडलं? गाडीखाली आलं का?"

"आई, ऐक की. नोकरी लागलीय मला."

"नोकरी घाल चुलीत! त्यास्नी कुटं ठिवलंय ते सांग!"

मी पेढे पुढं केले. ते बघून बायकांचा सूर आणखी चढला. एका म्हाताऱ्याला शंका आली, "पर यानं डोकं का ठिवलंय मग?"

दुसऱ्यानं समजूत घातली, "घाईत हाय त्यो. तेवढंच उरकून आलाय."

दुपार कलल्यावर अप्पा आले. हातात मिरच्यांची पिशवी. आपल्या दारात एवढी माणसं बसलेली बघून त्यांनी डोक्याचा पटका काढला, मान खाली घातली आणि रीतीप्रमाणे येऊन मागच्या बाजूला टेकले. शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं रं?"

तो डोळे पुसत म्हणाला, "तूच की."

पुढचं सगळं सांगत नाही. गाव बरेच दिवस हसलं. अप्पा हसले नाहीत. "माज्या जित्तेपनी उतरवलीस? मग मी कोन? भूत?"

"मोठ्या बाईंनी सांगितलं म्हणून..."

"बाईच्या सांगन्यावरनं!" अप्पांना ही बाब मिशीहून जड गेली. त्यांनी तोंड फिरवलं. "मिशी यील तवा यायचं घरला."

सोमवारी मी हे सगळं रडवेल्या तोंडानं बाईंना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, कापूस न घालता. म्हणाल्या, "वाईट झालं. आता वर्गात चला. कारण दाखवते."

कारण पहिल्या बाकावर बसलं होतं. दोन वेण्या, मोठे डोळे, नाव पद्मा. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

तिला शाळेत घेतलं त्या दिवसाची हकिगत आमच्या शिपाईमामांनी मला सांगितली. पद्माचे वडील यंत्रमागावर चादरी विणत; घरी सगळे तेलुगू बोलत. ते तिला घालायला आलेच नव्हते. तिच्या धाकट्या भावाचं नाव घालायला आले होते. ही नुसतीच बरोबर होती.

"आणि ही?" बाईंनी विचारलं.

"हिला ऐकू येत न्हाय, बाई. ही घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरती."

"मग तुमचं बोलणं हिला कसं कळतं?"

"मागावर कुनाला ऐकू येतंय, बाई? खडखडाटात आमी सगळेच एकमेकाची तोंडं बघून बोलतो. ही पन बघती."

"आणि कळतं तिला?"

"तेलुगूत कळतंय की."

"मग मराठीत कळायला काय हरकत आहे? तोंडं तीच आहेत."

आणि बाईंनी दोन्ही नावं पटावर घेतली. त्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की आमच्या शाळेतल्या पुरुष मास्तरांपैकी बहुतेकांचे ओठ झाकलेले आहेत. जुन्यांना त्या मिशी काढा म्हणू शकत नव्हत्या; ते कायम होते. त्यांनी मिश्या कातरून वरचा ओठ उघडा ठेवण्यावर तडजोड केली. हंगामी फक्त मी होतो. म्हणजे माझी निवड गुणवत्तेवर झाली, असं मी पुढं बरीच वर्षं पाहुण्यांना सांगत आलो, त्यात तथ्य एवढंच.

एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, तुमच्या घरात कुणी असं होतं का? म्हणून हे सगळं...?"

"कुणी नव्हतं."

"मग कारण काय?"

"कारण काय असायचंय? मुलगी दारात आली होती."

त्यांची कारणं अशी एका ओळीत संपत. कचेरी वर का, याचंही तसंच. आधी पाचवीचा वर्ग वर होता आणि कचेरी खाली ऐसपैस होती. पोलिओ झालेला एक मुलगा वर्गात आला. शिपाईमामा त्याला रोज खांद्यावर घेऊन जिना चढायचे. बाईंनी दोन-चार दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "पोरगं काय पोतं आहे का, रोज चढवायला आणि उतरवायला? वर्ग खाली आणा." खाली जागा नाही म्हटल्यावर स्वतःच टेबल उचलायला वाकल्या. तेव्हापासून मुख्याध्यापिकेला भेटायला येणारा प्रत्येक जण धापा टाकत येई, आणि बाई म्हणत, "बसा. आता कळलं ना, वर्ग खाली का आहे ते?"

आणि तो कापूस. तास चालू असताना बाई अचानक मागच्या दारानं यायच्या, शेवटच्या बाकावर मुलांशेजारी बसायच्या, पदराच्या गाठीतून कापूस काढून कानांत घालायच्या आणि आमच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. तास संपला की उठून सांगायच्या, आपल्याला काय काय कळलं. भूगोलाच्या सरांना एकदा सांगितलं, "मला एवढं कळलं, की कृष्णा नदी तुमच्या खिशातून उगम पावते. खिशात हात घालून बोलू नका." मी पहिल्याच आठवड्यात हे पाहून शिक्षकखोलीत चित्रकलेच्या सरांच्या कानात कुजबुजलो, "म्हातारीला येड लागलंय." बाई पलीकडच्या दारात उभ्या होत्या, कानात कापूस तसाच. म्हणाल्या, "म्हातारी कबूल. पुढचा शब्द नीट दिसला नाही, सर. उजेडाकडे तोंड करून पुन्हा म्हणा."

मी शहाण्यासारखा गप्प बसलो. पण पद्मापुढं मी रोजच गप्प बसल्यासारखा होतो. माझी मिशी गेली, बाप रुसला, गाव हसलं, आणि एवढं करून त्या मुलीला माझं एक अक्षर कळत नव्हतं! ती बाईंचं ओळखायची, शिपाईमामांचं ओळखायची. माझ्याकडे मात्र बंद दाराकडे बघावं तशी बघायची. मी आणखी शुद्ध बोलू लागलो. हाय-न्हाय माझ्या जिभेवरून जावं म्हणून मी कॉलेजात आरशापुढं उभं राहून घाम गाळला होता. वर्गात मी "आहे" म्हणायचो तेव्हा शब्द सुतळीनं बांधल्यासारखा तोंडातून सोडायचो.

एक दिवस पद्मा खिडकीबाहेर बघत बसली होती. माझा धीर सुटला आणि मी मेंढरांमागं ओरडतो तसा ओरडलो, "ए पोरी, तितं काय माकड हाय? हिकडं बग की जरा!"

सगळा वर्ग हसला. पद्मानं माझ्याकडे बघितलं आणि तीही हसली. मग बोटानं खिडकीबाहेर दाखवलं. तिथं खरंच माकड होतं.

शेवटच्या बाकावरून कापूस घातलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "हेच! हेच तोंड पाहिजे, सर. पुस्तकातलं बोलताना तुमचे ओठ शिवल्यासारखे दिसतात. लिहा पुस्तकातलं, बोला घरचं."

ज्या बोलीची लाज वाटून मी शिकलो होतो, तीच बोली आता मला पगार घेऊन बोलायची होती. ओठ मोकळे झाले, पद्मा मजकूर पकडू लागली. पण एक घोटाळा राहिलाच. प, ब आणि म ही तीन अक्षरं म्हणून बघा आरशात. ओठ तिन्हीला सारखेच मिटतात. पंधरा ऑगस्टला पाहुणे दारात आले आणि फोटोला घालायचा हार सापडेना. मी पद्माला घाईनं म्हणालो, "माळ आण." ती धावत शाळेमागं गेली आणि शिपाईमामांचं तान्हं कडेवर घेऊन आली. बाळ आण, असं तिनं वाचलं होतं. पाहुण्यांनी बाळाला कुंकू लावलं. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो.

याच्यावरचा उपाय ना बी. एड.ला सापडला, ना मला. तिच्या बाकावरच्या मुलींनी तो मधल्या सुट्टीत खेळता खेळता काढला. म असला की नाकाला बोट लावायचं, कारण म नाकात गुणगुणतो. ब असला की गळ्याला, कारण तिथं थरथरतं. आणि प? प ला काहीच नाही. "प बिचारा गरीब हाय," एक मुलगी म्हणाली. बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला जाहीर केलं, की या शाळेत सगळे असंच बोलतील. झालं. शाळाभर जो तो नाकाला आणि गळ्याला हात लावत बोलू लागला. मला बाजारात मेथी मागतानाही नाकाला बोट लावायची सवय लागली. भाजीवाली म्हणाली, "वास येत न्हाय मास्तर, ताजी हाय."

अप्पांचं काय, तर मी तोडगा काढला, आणि तो माझ्या स्वभावाला शोभेल असा भित्रा होता. मे महिन्यात मिशी वाढवायची, ती घेऊन गावी जायचं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी उतरवायची. उन्हाळ्यात मी अप्पांचा मुलगा असे; बाकी वर्षभर पद्माचा मास्तर. दिवाळीची सुट्टी मात्र मिशीला पुरत नसे, म्हणून दिवाळीला मी तपासायच्या पेपरांचं कारण सांगून सोलापुरातच राही.

आणि मग तपासणी आली. कुणीतरी वर तक्रार केली होती, की ऐकू न येणारी मुलगी साध्या वर्गात बसवून एका चांगल्या मुलाची जागा अडवली आहे. शिक्षण खात्याचे साहेब खात्री करायला येणार होते. मुलगी शिकते आहे असं दिसलं नाही, तर नाव पटावरून जाणार. बहिऱ्या मुलांची शाळा होती ती दूर, दुसऱ्या शहरात. पद्माच्या वडिलांनी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं, "एकटीला तितं धाडनार न्हाय, बाई. नाव कापलं तर ही कांड्या भरंल." माझ्या कायम होण्याचा कागदही त्याच साहेबांपुढं जायचा होता. त्यामुळं त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात दोन वेगवेगळ्या भीती होत्या, आणि कुठली मोठी हे मी स्वतःला विचारलं नाही.

साहेब जिना चढून धापा टाकत वर आले, बाईंचं ते वाक्य ऐकलं, आणि खाली वर्गात उतरले. साहेबांची मिशी माझ्या गेलेल्या मिशीच्या तिप्पट होती. दोन्ही ओठ तिच्या आत कुठंतरी राहत होते. शिवाय तोंडात पान होतं.

"नाव काय तुझं?" साहेबांनी विचारलं.

पद्मा मिशीकडे बघत राहिली.

"नाव काय?" साहेब ओरडले. पद्मानं बाईंकडे बघितलं.

"साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पडद्याआडून बोलताय."

"कसला पडदा?"

"मिशी. जरा वर धरता का दोन बोटांनी?"

पलीकडच्या गल्लीतले माग तेवढे खडखडत होते. साहेबांचे कान लाल झाले. "मी वाक्य सांगतो," ते मला म्हणाले, "तुम्ही तिला सांगा. आणि खाणाखुणा नकोत, मी बघतोय." मग थोडा विचार करून त्यांनी वाक्य सांगितलं, "मामाने बाबांना पपई पाठवली."

जगात एवढी वाक्यं असताना!

मी साहेबांकडे तोंड करून, हात बांधून, अत्यंत आदरानं ते वाक्य म्हणालो. पद्मा माझ्यामागं होती. टेबलावर पट्टी आपटली नाही, पण मला ती ऐकू आली. आमच्याकडे मोठ्या माणसाकडे पाठ करून उभं राहत नाहीत. चावडीवर सुद्धा उलटं चालत बाहेर येतात. मी साहेबांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मी वळलो, साहेबांना पाठ दाखवली आणि पद्माला म्हणालो, "मामानं बाबास्नी पपई पाटवली."

हात मात्र बांधलेलेच राहिले. साहेबांसमोर नाकाला बोट लावायचं माझ्यानं होईना.

पद्मानं पाटीवर वळणदार अक्षरात लिहिलं: बाबाने मामांना पपई पाठवली.

"चूक!" साहेब जिंकल्यासारखे म्हणाले. "बाबा आणि मामा उलटे. काही कळत नाही तिला."

"पपई पोचली ना बरोबर?" बाई म्हणाल्या आणि पदराची गाठ सोडू लागल्या. कापूस निघाला. दोन बोळे वळून त्यांनी साहेबांपुढं हात केला. "साहेब, एकच मिनिट. तुम्ही ओळखून दाखवा, मी स्वतः नाव कापते."

साहेब नाही म्हणू शकले असते. पण सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, आणि मिशीवाला माणूस अशा वेळी माघार घेत नाही हे मी स्वानुभवानं सांगतो. त्यांनी बोळे कानांत घातले. बाईंनी मला खूण केली. मी साहेबांकडे बघून, मागांच्या आवाजात बुडेल इतक्या हळू म्हणालो, "मामा."

"बाबा!" साहेब कानात कापूस असलेल्या माणसाच्या आवाजात गर्जले.

वर्ग खदखदला. मी पुन्हा म्हणालो.

"पापा?"

पद्मा आता उभी राहिली होती. साहेब चुकतायत हे तिला त्यांच्या मिशीतून नव्हे, मुलांच्या तोंडावरून कळलं. ती साहेबांपुढं गेली आणि समजूत घालावी तसं स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं. मग माझ्याकडे वळून बघितलं. अशा नजरेनं, की मास्तर, तुमीच इसरला की!

मी हात सोडले. साहेबांसमोर नाकावर बोट ठेवून, आमच्या गावच्या सुरात, ते वाक्य पुन्हा म्हणालो. नाक, नाक, गळा, गळा, आणि पपईला काहीच नाही. पद्मानं पाटी पुसली आणि लिहिली. साहेबांनी वाचली. कापूस काढायला विसरूनच ते म्हणाले, "असं होय!" आणि हे त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरंच मोठ्यानं निघालं.

शेरेबुकात त्यांनी दोन शेरे लिहिले. पहिला: मुलीचे नाव पटावर राहण्यास हरकत नाही. दुसरा: शिक्षकांनी अधिकाऱ्यांसमोर नाकास हात लावू नये. दुसऱ्या शेऱ्यापायी माझं कायम होणं वर्षभर लांबलं. बाईंनी तो शेरा प्रार्थनेला वाचून दाखवला, नाकाला बोट लावून.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि भावाकडे लांबच्या गावी राहायला गेल्या. निरोपाला भाषण करायला सगळ्यांनी मला उभं केलं. मी चार पानं लिहून आणली होती. बाईंनी पहिल्या रांगेत बसून कानांत कापूस घातला. मी कागद खिशात घातला आणि म्हणालो, "बाई, लई आठवन यील." त्या म्हणाल्या, "कळलं."

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी त्यांना पाठवलेलं पत्र इथं उतरवतो. त्याच्या कच्च्या मजकुराचा कागद माझ्यापाशी राहिला, कारण पहिल्या वेळी शुद्धलेखनाच्या फार चुका झाल्या होत्या.

*

तीर्थस्वरूप मोठ्या बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास उशीर झाला, क्षमा असावी. अप्पा गेले.

तुम्हाला एक गोष्ट कळवायची राहिली होती. गेल्या उन्हाळ्यापासून अप्पांना ऐकू येईनासं झालं होतं. म्हणायचे, कानात नुसती मेंढरं ओरडत्यात. थोरला भाऊ कानाशी ओरडायचा, आई ओरडायची, ते चिडायचे. मी मेमध्ये नेहमीप्रमाणे मिशी वाढवून गेलो. दोन दिवस ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काड ती. काय बोलतूस कळंना." मी लगेच काढली. मग उजेडाकडे तोंड करून त्यांच्यासमोर बसायचो आणि आपल्या पद्धतीनं बोलायचो. मुलींच्या खुणा त्यांना शिकवल्या. म्हातारपणी ते नाकाला बोट लावून मेंढरांशी बोलायचे. शेवटच्या दिवसांत आई कुणालाही म्हणायची, मास्तरला बोलवा, त्याचं तेवढं कळतंय त्यास्नी.

दहाव्याला न्हाव्यानं डोकी केली, भावाची मिशी उतरवली आणि माझ्यापाशी येऊन थांबला. म्हणाला, मास्तर, तुमचं काय उतरवू? आई म्हणाली, त्यानं आदीच दिलीया, वस्तरा तेवढा फिरीव. त्यानं कोरडाच फिरवला.

काल शाळेत हजर झालो. पद्मा आता दहावीला आहे. वर्गात शिरून मी टोपी काढली, तेव्हा तिला कुणीतरी गेलं एवढं कळलं. पण बिनमिशीचं माझं तोंड तिच्या रोजच्या बघण्यातलं. त्यावरून कोण, ते तिला कसं कळावं? तिनं हातानं विचारलं, कोण? मी म्हणालो, अप्पा.

बाई, तिच्या घरी आईला अम्मा म्हणतात. ओठांवर दोन्ही सारखंच. ती माझ्या हाताकडे बघत राहिली, नाकाकडे जातो का म्हणून. प ला आपण काहीच खूण ठेवलेली नाही. माझा हात खालीच राहिला. मग तिला कळलं.

माझे डोळे भरून आले होते आणि फळ्याकडे वळावंसं फार वाटलं. वळलो नाही.

आपला आज्ञाधारक